धरून ठेवणारा पृष्ठभाग

बंगळूरच्या आग्नेयेला पसरलेला बेळ्ळंदूर तलाव गेल्या दशकात दोन गोष्टींमुळे देशभर चर्चेत आला: यमलूरच्या बाजूने रस्त्यावर उडत येणारा पांढरा फेस, आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षांत त्या परिसरात लागलेल्या आगी. फेसाचे मूळ घरोघरच्या धुण्याभांड्यांच्या साबणचुऱ्यांतून सांडपाण्यात उतरणाऱ्या पृष्ठसक्रिय द्रव्यांत आहे, हे उघडच होते. परंतु भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांतून एक अधिक बारीक गोष्ट पुढे आली. तलावात शिरलेले सगळेच साबणद्रव्य तिथे कुजून नाहीसे होत नाही. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात त्याचा काही भाग गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो, आणि जोराच्या पावसाने गाळ ढवळला गेला की तो पुन्हा पाण्यात येऊन, पाणी उंचावरून कोसळताना त्यात हवा मिसळताच, फेसाच्या रूपाने वर येतो. कणाने रेणू धरला, काही काळ सांभाळला आणि भोवतालची परिस्थिती बदलताच सोडला, असा हा क्रम आहे. हाच क्रम मानवी शरीरात अतिशय सूक्ष्म प्रमाणावर आणि अतिशय काटेकोरपणे घडवून आणावा लागतो, तेव्हा त्याला औषधनिर्मितीचे व अस्थिशल्यशास्त्राचे रूप येते. तेथे कण असतो शरीराला न खुपणाऱ्या खनिजाचा आणि त्याने धरायचा रेणू असतो प्रथिनाचा.

एखाद्या पदार्थाने दुसरा पदार्थ आपल्या अंतर्भागात ओढून घेणे म्हणजे शोषण, आणि केवळ आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणे म्हणजे अधिशोषण. प्रथिनांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रकाराचा विचार करावा लागतो, कारण प्रथिनाचा रेणू काही नॅनोमीटर रुंदीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा असला तरी, खनिजांच्या स्फटिकातील पोकळ्यांच्या मानाने तो प्रचंडच असतो. त्यामुळे खनिज आतून कशाचे बनले आहे यापेक्षा त्याच्या सर्वांत बाहेरच्या, एकदोन अणूंच्या थरावर काय आहे, यावर सारे अवलंबून राहते. ही गोष्ट या प्रकरणात पुनःपुन्हा समोर येईल, आणि जैवपदार्थांविषयीच्या लोकप्रिय लेखनात तिच्याकडे जितके दुर्लक्ष होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाकडे होत असेल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, जी स्वतःभोवती गुंडाळून एक ठराविक आकार घेते. पाण्याशी न जमणारे तिचे भाग शक्यतो आत दडतात आणि विद्युतभार असलेले भाग बाहेर राहतात. त्या बाहेरच्या भागांपैकी काहींवर धन भार असतो, काहींवर ऋण, आणि त्यांचे प्रमाण द्रावणाच्या आम्लतेनुसार, म्हणजे त्याच्या सामूनुसार, बदलते. ज्या सामूला धन व ऋण भारांची बेरीज शून्य होते त्याला त्या प्रथिनाचा समविद्युत बिंदू म्हणतात. रक्तातील अल्ब्युमिनचा हा बिंदू सुमारे ४.७ आहे आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइमचा सुमारे ११, म्हणून ७.४ सामू असलेल्या रक्तात पहिले ऋणभारित राहते व दुसरे धनभारित. खनिजांचेही तसेच आहे. पाण्यात बुडालेल्या बहुतेक ऑक्साइड खनिजांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट उगवतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी; आम्लधर्मी पाण्यात हे गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतात, अल्कधर्मी पाण्यात प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात, आणि मधल्या एका सामूला पृष्ठभागावरचा भार शून्य असतो. सिलिकाच्या बाबतीत हा शून्यबिंदू २ च्या आसपास येतो, त्यामुळे शरीराच्या सामूला सिलिका नेहमी ऋणभारितच असते.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, एवढ्यावर हे सारे आटोपले असते तर पृष्ठरसायन शाळेच्या पाठ्यपुस्तकातच संपले असते. प्रत्यक्षात समान भाराची प्रथिनेही काही पृष्ठभागांवर बसतात. खनिज व प्रथिन या दोहोंच्या अंगाला पाण्याचे रेणू आणि क्षारांचे आयन चिकटलेले असतात. दोन पृष्ठभाग जवळ आले की ते सुटून मोकळे होतात, आणि त्या सुटकेमुळे व्यवस्थेतील अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढत असल्याने निसर्गाचा कल बंधाकडे झुकतो. शिवाय प्रथिन पृष्ठभागावर बसल्यावर थोडे उलगडते, आतले जलविरोधी भाग बाहेर काढते आणि अधिकाधिक ठिकाणी टेकते. असे पसरलेले प्रथिन सहसा सुटत नाही, आणि सुटले तरी त्याचे मूळ कार्य शाबूत असेलच असे नाही. म्हणून वाहकाची खरी परीक्षा दुहेरी असते: प्रथिन धरले पाहिजे, पण त्याचा आकार मोडता कामा नये.

या परीक्षेचे एक बोलके उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइट स्फटिकांमुळे पुणे, नाशिक व जळगाव परिसरातील खाणी जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत; मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र कृत्रिमरीत्या बनवलेले सोडियम-वाय झिओलाइट वापरले. त्याच्या पोकळ्यांची तोंडे पाऊण नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असल्याने प्रथिन आत जाणे शक्य नव्हते. जे काही करायचे ते बाहेरच्या पृष्ठभागावरच करणे भाग होते. संशोधकांनी प्रथम सिलिकॉनयुक्त एका सेंद्रिय रेणूच्या साहाय्याने झिओलाइटवर अमाइन गट बसवले, त्या गटांवर सोन्याचे नॅनोकण जोडले, आणि मग बुरशीपासून मिळवलेले, प्रथिने तोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या सोन्यावर बसवले. विकराची क्रियाशीलता टिकली, इतकेच नव्हे तर तापमान व सामू यांतील बदल ते अधिक चांगले सोसू लागले. आणि झिओलाइटचे कण जड असल्याने काम झाल्यावर हलक्या अपकेंद्रणाने ते वेगळे काढून पुन्हा वापरता आले. खनिज तेच राहिले. बदलली ती त्याची त्वचा, आणि एरवी प्रथिनाच्या उपयोगी न पडणारा दगड विकराचा चांगला वाहक बनला.

शरीराने स्वतः निवडलेले खनिज मात्र वेगळे आहे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो, आणि हायड्रॉक्सिॲपॅटाइट हे त्याचे शुद्ध, प्रयोगशाळेत बनवता येणारे रूप. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या जागा शेजारीशेजारी असतात: कॅल्शियमच्या धनभारित आणि फॉस्फेटच्या ऋणभारित. स्वीडनमधील आर्ने टिसेलियस यांनी, ज्यांना प्रथिनांच्या विलगीकरणासाठी १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, आपल्या सहकाऱ्यांसह १९५६ मध्ये हे खनिज नळीत भरून त्यावरून प्रथिनांचे मिश्रण सोडण्याची पद्धत विकसित केली. अल्कधर्मी प्रथिने फॉस्फेटच्या जागांकडे केवळ विद्युत आकर्षणाने ओढली जातात, म्हणून साध्या मिठाचे द्रावण ओतले की ती सुटतात. आम्लधर्मी प्रथिनांचे तसे नाही. त्यांच्यावरील कार्बोक्सिल गट कॅल्शियमला रासायनिक गाठ मारतात, त्यामुळे मीठ कितीही ओतले तरी ती हलत नाहीत, आणि त्यांना उठवण्यासाठी कॅल्शियमवर हक्क सांगणारे फॉस्फेटच द्यावे लागते. एकाच पृष्ठभागावर दोन वेगवेगळ्या पकडी आहेत आणि प्रत्येकीची किल्ली निराळी आहे, हे या साध्या प्रयोगाने जितके स्पष्ट होते तितके पानभर समीकरणांनीही होत नाही. जैवतंत्रज्ञान उद्योगात प्रतिपिंडे शुद्ध करण्यासाठी हे खनिज आजही वापरात आहे.

या खनिजाच्या पकडीचा प्रत्यय प्रत्येकाच्या तोंडात रोज येतो. दात घासून स्वच्छ झालेल्या एनॅमलवर, जे मुख्यतः हायड्रॉक्सिॲपॅटाइटचेच असते, लाळेतील प्रथिनांचा पातळ थर काही क्षणांतच जमू लागतो. स्टॅथेरिनसारखी फॉस्फेटयुक्त लाळप्रथिने त्यात पुढे असतात, आणि दातांवर नंतर येणारे जिवाणू एनॅमलला नव्हे, तर या थराला चिकटतात. हाडातील ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन तर जणू याच खनिजासाठी घडवलेले आहे. त्यातील तीन अमिनो आम्लांवर, के जीवनसत्त्वाच्या मदतीने, एकेक जादा कार्बोक्सिल गट बसवला जातो. २००३ मध्ये डुकराच्या ऑस्टिओकॅल्सिनची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्या प्रथिनाने धरलेल्या कॅल्शियम आयनांची मांडणी हायड्रॉक्सिॲपॅटाइटच्या स्फटिकातील कॅल्शियमच्या मांडणीशी जुळते, असे दिसून आले. येथे भाराच्या एकूण बेरजेपेक्षा भारांची भूमिती महत्त्वाची ठरते. समान एकूण भाराच्या दोन प्रथिनांपैकी एक हाडाला घट्ट बसते व दुसरे बसत नाही, याचे कारण बहुधा येथेच शोधावे लागते.

हाडात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम सांध्यांवर आणि अस्थिपूरकांवर हायड्रॉक्सिॲपॅटाइटचा लेप देण्याची प्रथा प्रथिने धरण्याच्या याच गुणामुळे रूढ झाली. शस्त्रक्रियेनंतर असा पृष्ठभाग रक्तात येताच त्यावर आधी पाणी व आयन बसतात, मग प्रथिने, आणि पेशी त्यानंतरच पोहोचतात. पेशीला खनिज कधी उघडे दिसतच नाही. तिला दिसतो तो प्रथिनांचा थर, आणि त्या थरातील फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनाचा पेशीने धरायचा भाग वर राहिला की खाली दबला, यावर ती तेथे रुजेल की नाही हे ठरते. हा थरही स्थिर नसतो. लिओ व्रोमन यांनी १९६० च्या दशकात रक्ताच्या संपर्कातील पृष्ठभागांवर दाखवून दिले की आधी पोहोचलेले प्रथिन काही काळाने दुसऱ्या, पृष्ठभागाशी अधिक जवळीक असलेल्या प्रथिनाकडून हुसकावले जाते. ही अदलाबदल आता व्रोमन परिणाम म्हणून ओळखली जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बिक्रमजित बसू यांच्या गटाने हायड्रॉक्सिॲपॅटाइटमध्ये बेरियम टायटेनेटसारखी विद्युतसक्रिय द्रव्ये मिसळून संमिश्र पदार्थ तयार केले व त्यांवरील पेशींचे वर्तन अभ्यासले. निसर्गतः हाडावर ताण आला की त्यात सूक्ष्म विद्युतविभव निर्माण होतो, तेव्हा वाहकाच्या पृष्ठभागावरील भारही मुद्दाम घडवता येईल का, हा त्यामागचा प्रश्न रास्त आणि दूरगामी आहे.

तरीही या विषयाचा सर्वाधिक माणसांना स्पर्श करणारा भाग रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात नसून लसीकरणाच्या सत्रात आहे. १९२६ मध्ये इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की घटसर्पाचे निर्विष केलेले विषद्रव्य तुरटीच्या साहाय्याने साक्याच्या रूपात आणून टोचले, तर प्रतिकारशक्ती कितीतरी जोमाने जागी होते. आजच्या लशींत घरगुती तुरटी नसते. तिची जागा अल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि अल्युमिनियम फॉस्फेट यांच्या जेलने घेतली आहे, आणि त्यांना सहायक द्रव्ये म्हणतात. दोन्ही अल्युमिनियमचीच संयुगे असली, तरी पृष्ठभागाच्या दृष्टीने ती दोन टोके आहेत. हायड्रॉक्साइड जेलचे कण तंतूंसारखे व इतके बारीक असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५०० चौरस मीटर भरतो; त्यांचा शून्यबिंदू ११.४ असल्याने शरीराच्या सामूला ते धनभारित असतात. फॉस्फेट जेलचा शून्यबिंदू ४ ते ५.५ च्या दरम्यान असतो, म्हणून त्याच सामूला तो ऋणभारित असतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्टॅन्ली हेम यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांत अपेक्षेप्रमाणे अल्ब्युमिन हायड्रॉक्साइडवर बसले आणि लायसोझाइम फॉस्फेटवर. उलटी जोडी मात्र जमली नाही.

याच गटाने पुढे दाखवलेली दुसरी पकड अधिक बळकट आहे. अल्युमिनियमचे फॉस्फेटशी इतके सख्य आहे की प्रथिनावर किंवा विषाणूकणावर फॉस्फेट गट असेल, तर तो अल्युमिनियमवरील हायड्रॉक्सिलला बाजूला सारून स्वतः त्याची जागा घेतो. विद्युत आकर्षण नसले, किंबहुना थोडे अपकर्षण असले, तरी ही अदलाबदल होते. कावीळ-ब लशीतील कणांच्या आवरणात फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फेटयुक्त मेदरेणू, असतात. म्हणून ती लस हायड्रॉक्साइड जेलला घट्ट धरून राहते. आणि म्हणूनच लशीच्या द्रावणात फॉस्फेटचे क्षार किती घालायचे, हा प्रश्न कारखान्यात चवीपुरत्या मिठाइतका किरकोळ मानता येत नाही: ते वाढत गेले की जेलच्या पृष्ठभागावरील जागा आधीच व्यापल्या जातात, धन भार ओसरतो आणि पुरेशा प्रमाणात तो ऋणही होतो.

पकड जितकी घट्ट तितकी लस चांगली, असा समज दीर्घकाळ रूढ होता आणि गुणवत्तेच्या चाचण्यांतही अधिशोषणाचे प्रमाण उच्च असावे, असाच आग्रह राहिला. हेम यांच्या गटाने प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांनी या समजाला तडा दिला: हायड्रॉक्साइड जेलवर मुद्दाम फॉस्फेट बसवून पकड सैल केली, तेव्हा काही प्रतिजनांविरुद्ध, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या लशीतील घटकांविरुद्ध, प्रतिपिंडे अधिक तयार झाली. टोचल्यानंतर पेशींमधल्या द्रवातील सायट्रेटसारखे आयन आणि इतर प्रथिने बरेचसे प्रतिजन जेलवरून सोडवतातच; अति घट्ट धरलेला प्रतिजन मात्र प्रतिकारपेशींच्या हाती उशिरा व अपुरा लागतो. वाहकाचे काम प्रथिन पोहोचवण्याचे आहे, कैद करण्याचे नाही, आणि या विषयातील कितीतरी गोंधळ हा भेद विसरल्यामुळे झाला आहे.

१९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस अल्युमिनियम फॉस्फेटवर अधिशोषित केलेली असते. आफ्रिकेच्या मेंदुज्वर पट्ट्यासाठी याच संस्थेने बनवलेली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून देण्यास सुरुवात झालेली मेनॲफ्रिव्हॅक ही लस वाहक व प्रथिन यांची भेट कशी घडवावी, या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे. जिवाणूच्या कवचातील शर्करा धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनाला जोडून बनवलेला तिचा मुख्य घटक गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात एका कुपीत असतो, तर अल्युमिनियम फॉस्फेट दुसऱ्या कुपीतील डायल्युएंटमध्ये, म्हणजे भुकटी विरघळवण्याच्या द्रवात असते. दोघांची भेट टोचण्यापूर्वी होते. हा खटाटोप अनाठायी नव्हता, कारण जेल गोठवता येत नाही. पुढे २०१२ मध्ये ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवसांपर्यंत ठेवण्यास मान्यता मिळाली, आणि बर्फाची साखळी जेथे पोहोचत नाही त्या खेड्यांत तिचा मोठा उपयोग झाला. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून बनलेल्या कोव्हॅक्सिन या करोना लशीमध्येही अल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल आहे, आणि प्रतिकारपेशींना चेतवणारा आणखी एक लहान रेणू त्याच जेलवर अधिशोषित केलेला आहे.

जेल गोठला की काय होते, हे समजून घेण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. पाण्याचे बर्फ होताना वाढणारे स्फटिक जेलचे कण एकमेकांवर दाबत नेतात, त्यांच्यामधले पाण्याचे व आयनांचे आवरण नाहीसे होते, आणि कण कायमचे चिकटून त्यांचे जड पुंजके बनतात. बर्फ वितळल्यावर पाणी परत येते, पण पुंजके सुटत नाहीत. पृष्ठभाग कमी झालेला असतो, त्यावरील प्रथिनांचा आकार बिघडलेला असतो, आणि लशीचा गुण जातो. कावीळ-ब लस शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खालीच गोठते. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन, ज्याला आरोग्य कर्मचारी व्हीव्हीएम म्हणतात, फक्त उष्णतेची नोंद ठेवतो. लस गोठली होती की नाही, हे तो सांगू शकत नाही.

त्यासाठी शेक टेस्ट आहे, आणि पृष्ठरसायनाचा इतका सोपा व इतका उपयुक्त प्रयोग दुसरा सापडणे कठीण. त्याच लशीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून पुन्हा वितळू देतात; ही झाली तुलनेची कुपी. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून चांगली हलवतात व सपाट जागेवर शेजारीशेजारी ठेवतात. न गोठलेल्या लशीतील दुधट गढूळपणा सावकाश खाली बसतो. गोठलेल्या कुपीत पुंजके भराभर तळाशी जातात आणि वरचे पाणी नितळ दिसू लागते. अर्ध्या तासाच्या आत संशयित कुपीतला साका तुलनेच्या कुपीइतक्याच किंवा त्याहून अधिक वेगाने बसला, तर ती लस वापरायची नसते.

लस नेण्याच्या पेटीत आइसपॅक भरण्यापूर्वी ते बाहेर ठेवून घाम फुटू देण्याचा आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येण्याची वाट पाहण्याचा नियमही लस गोठू नये यासाठीच आहे. ज्या परिचारिका व आशा कार्यकर्त्या सकाळच्या घाईतही हा नियम पाळतात त्यांचे काम सहसा कोणाच्या नजरेस येत नाही, परंतु कुपीतील प्रथिन आपल्या वाहकावर नीट बसलेले राहते ते त्यांच्यामुळेच. अल्युमिनियमयुक्त जेल असलेली कोणतीही लस, मग ती पेंटाव्हॅलंट असो, डीपीटी असो, टीडी असो वा कावीळ-ब, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी, आणि एकदा गोठलेली कुपी नंतर कितीही व्यवस्थित दिसली तरी ती बाळाला टोचू नये.